स्टीलची टूरिंग सायकल जमवायची आहे: फ्रेमचा साइज आणि पार्ट कसे ठरवावेत? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

मलप्रभाकाठ

मंडळी नमस्कार. मी खानापूरचा, पेशानं शिक्षक. बरीच वर्षं अॅल्युमिनियमची हायब्रिड चालवतोय. खानापूर ते बेळगाव जाऊन-येऊन त्रास होत नाही. आता सामान बांधून चार-पाच दिवसांच्या फिरतीला निघायचं मनात आहे. एकदा चोर्ला घाटातून गोवा, एकदा आंबोलीवरून सावंतवाडी-वेंगुर्ला, आणि दिवाळी झाली की पूर्वेकडं गोकाक, सौंदत्ती, जमलं तर बदामी. फ्रेम स्टीलचीच घ्यायची, एवढं पक्कं आहे. पुढचं सगळं अडलंय.

वय ४८, उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो. सामान १५ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. आत्ताच्या सायकलवर चाळीसेक किमी झाले की करंगळीला मुंग्या येतात आणि मान धरते. नवी सायकल घेऊन तेच दुखणं परत नको.

एका दुकानात ५४ घ्या म्हणाले, दुसरीकडं ५६. नेटवरच्या तक्त्यात मी ‘मीडियम’मध्ये येतो. कुणाचं धरायचं? शिवाय चाक २६ इंची की त्याहून मोठं ७०० चं, ब्रेक डिस्क की साधे, गिअर किती, हेही सांगा. रेडीमेड परदेशी टूरर माझ्या आवाक्याबाहेर आहे. फ्रेम आणि पार्ट वेगवेगळे घेत सहा-आठ महिन्यांत जमवायची तयारी आहे.

जांबोटी_रोड

उंचीवरून साइज काढू नका सर. १७२ उंचीच्या दोन माणसांच्या पायांत पाच सेंमीचा फरक असू शकतो. पायाचं माप टाका, मग बोलू. आणि हँडल सरळ लावणार की ड्रॉप, म्हणजे शिंगासारखं खाली वळलेलं? अर्धं गणित त्यावर फिरतं.

स्पोकवाला

सर, तिघांनीही तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

५४ हा आकडा उभ्या नळीचा. पेडलच्या बेअरिंगपासून सीटपोस्ट आत जातो तिथपर्यंत. आडवा दांडा जमिनीला समांतर असायचा तेव्हा या आकड्याला अर्थ होता. आपल्याकडच्या बावीस आणि चोवीस इंची काळ्या सायकली याच मापानं ओळखल्या जातात. आता दांडा मागं उतरता असतो. कुणी नळीच्या टोकापर्यंत मोजतं, कुणी दांड्याच्या मध्यापर्यंत, कुणी दांडा सरळ आहे असं मनात धरून. त्यामुळं दोन कंपन्यांच्या ५४ मध्ये हँडलच्या उंचीला तीन-चार सेंमीचा फरक सहज पडतो. मान आणि हात दुखायचं मूळ तिथं आहे. सीटची उंची कुठल्याही फ्रेमवर सीटपोस्ट वरखाली करून जमते. हँडलचं तसं नाही. फ्रेमची पुढची बाजू बुटकी आणि लांब असली तर ती तुम्हाला जन्मभर पुढं ओढत राहते.

म्हणून दोनच मापं बघा: स्टॅक आणि रीच. बेअरिंगच्या मध्यापासून हेड ट्यूबचं (हँडलखालच्या पुढच्या नळीचं) वरचं तोंड किती उंच आहे तो स्टॅक. तेच तोंड आडव्या अंतरात किती पुढं आहे तो रीच. कंपनी कुठलीही असो, स्टिकर कुठलंही असो, ही दोन मापं सगळीकडं एकाच पद्धतीनं घेतात.

आत्ताच्या सायकलचं माप घरी काढा. भिंत, टेप आणि गवंड्याचा ओळंबा एवढं पुरे. दोन्ही टायरांत हवा भरपूर असू द्या. पुढचं चाक सरळ भिंतीला टेकवून सायकल उभी करा आणि घरातल्या कुणालातरी ती ताठ धरायला सांगा. भिंतीपासून बेअरिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. मग हेड ट्यूबच्या तोंडाच्या मध्याला ओळंबा धरा, खाली फरशीवर खडूनं खूण करा, आणि भिंतीपासून त्या खुणेपर्यंत मोजा. दोन्हींची वजाबाकी हा रीच. तसंच फरशीपासून हेड ट्यूबचं तोंड किती उंच आणि बेअरिंगचा मध्य किती उंच, यांची वजाबाकी म्हणजे स्टॅक. दोनदा मोजा. अर्धा सेंमी इकडंतिकडं झाला तरी चालतो, दोन सेंमी झाला तर काहीतरी हललंय.

पायाचं मापही भिंतीशीच घ्या. अनवाणी, पाठ भिंतीला, पायांत वीतभर अंतर. जाड पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखं घट्ट वर ओढायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजा. पॅन्ट विकत घेताना सांगतो ते माप इथं उपयोगाचं नाही, ते दोन-चार सेंमी कमीच भरतं.

मलप्रभाकाठ

मोजलं. मुलगीनं सायकल धरली. पाय ८१ सेंमी. रीच ३९.५, स्टॅक ५५. नव्या सायकलला ड्रॉप हँडल लावायचा विचार आहे, हात बदलायला जागा मिळते म्हणून.

स्पोकवाला

मग दुखणं कुठून येतंय ते मापातच दिसतंय.

पायाच्या मापाला ०.८८३ नं गुणायचं, ही सीटच्या उंचीची जुनी आणि चांगली सुरुवात. ८१ ला ७१.५ सेंमी येतं. हे बेअरिंगच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, नळीच्या रेषेत. सीटची नळी तिरकी असल्यामुळं सरळ उभी उंची ६८ च्या आसपास राहते. तुमचा स्टॅक ५५. वर रिंगा आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) धरून हँडल ६१ पर्यंत जात असेल. म्हणजे सीटपेक्षा सात सेंमी खाली. दिवसभराच्या फिरतीला, तेही ४८ व्या वर्षी, हँडल सीटच्या बरोबरीनं किंवा फार तर दोन-तीन सेंमी खाली असावं.

दुसरी गोष्ट रीचची. सरळ हँडलच्या सायकलला कंपनी रीच मुद्दाम लांब ठेवते. ड्रॉप हँडलवर हात जिथं टेकतो ती जागा हँडलच्या मध्यापासून सात-आठ सेंमी पुढं असते. तेव्हा आत्ताच्याच फ्रेमवर ड्रॉप लावलं तर तुम्ही आणखी लांब ओढले जाल. ड्रॉपसाठी तुम्हाला स्टॅक ५८ ते ६० आणि रीच ३७.५ ते ३८.५ असली फ्रेम शोधायची आहे. तिच्यावर स्टिकर ५४ असो, ५६ असो, ‘मीडियम’ असो, विचार करू नका.

सीटच्या नळीचा कोनही बघा. टूरिंगला ७२ ते ७३ अंश चांगला. ७४ ची नळी असेल तर सीट पुढं सरकते. तुमच्या उंचीला एका अंशाला साधारण सव्वा सेंमी फरक पडतो. सीट पुढं गेली की धड पुढं कलतं आणि तो भार तळव्यांवर येतो. करंगळीकडची नस तळव्याच्या कडेनं जाते, मुंग्या तिथूनच.

नवीन फ्रेम यायची वाट बघू नका, हे आजच करून बघा. सीटवर स्पिरिट लेव्हल ठेवा. नाक खाली झुकलेलं असेल तर समतल करा, आणि सीट एक सेंमी मागं घ्या. बऱ्याच जणांचा निम्मा त्रास तिथंच थांबतो.

अनगोळ_नाका

हे सगळं वाचून मीही टेप घेऊन बसले. माझी उंची १५३ सेंमी, पाय ७०. मैत्रिणीची ७०० चाकाची सर्वांत लहान फ्रेम चालवून बघितली. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. दुकानदार म्हणतात, सवय होईल. होते का?

जांबोटी_रोड

ताई, सवय करून घेऊ नका. सपाट रस्त्यावर, वेगात, चाक एवढं वळतच नाही हे खरं. पण चढावर पाच किमीच्या वेगानं, सामान लादून, खड्डा चुकवताना चाक भरपूर वळतं आणि नेमका तेव्हाच पाय पुढं असतो. मडगार्ड बसवलं की जागा आणखी कमी होते.

तुमच्या उंचीला २६ इंची चाक घ्या. लहान फ्रेममध्ये ७०० चं चाक कोंबायला कंपन्या हेड ट्यूबचा कोन उताणा करतात, पुढचा भाग लांबवतात, आणि बुटक्या माणसाच्या वाट्याला उलट लांब रीच येतो. सर्लीसारख्या कंपनीनं आपल्या जुन्या लाँग हॉल ट्रकरच्या लहान साइजला २६ चंच चाक दिलं होतं, ते याचसाठी. क्रँकही (पेडलचा दांडा) १७० मिमीऐवजी १६५ किंवा मिळाला तर १६० चा बघा. ७० सेंमीच्या पायाला १७० चा क्रँक गुडघा फार वर आणतो.

अनगोळ_नाका

कुणीतरी सरळ सांगितलं, बरं वाटलं. ‘लेडीज सायकल घ्या’ एवढंच ऐकत आले होते.

उद्यमबाग

मी लेथवर काम करणारा माणूस, सायकलीचा धंदा नाही. पण स्टीलबद्दल दोन गोष्टी सांगाव्या वाटल्या.

पहिली, ‘स्टील’ एवढ्यावर जाऊ नका. साध्या सायकलीचं हाय-टेन स्टील वेगळं आणि क्रोमोली, म्हणजे ४१३०, वेगळं. क्रोमोलीत क्रोमियम साधारण एक टक्का आणि मॉलिब्डेनम पाव टक्क्याच्या आत. तेवढ्यानं ताकद एवढी वाढते की नळीची भिंत पातळ ठेवता येते. चांगल्या नळ्या दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, ०.९-०.६-०.९ मिमी अशा. जोड टोकाला असतो, ताण तिथंच, म्हणून जाडी तिथं. रेनॉल्ड्स ५२५ घ्या नाहीतर बिननावाची ४१३०, ताठपणा दोन्हींचा सारखाच. सगळ्या स्टीलचा तो सारखाच असतो. फरक पडतो तो नळीच्या जाडीत, व्यासात आणि जोडकामात.

दुसरी. ‘स्टील कुठल्याही गावात वेल्डिंग करून मिळतं’ असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं हाय. कॅरियरचा कान तुटला, मडगार्डचा बोल्ट धरणारा तुकडा तुटला, तर कुठलाही गॅसवाला पितळेनं जोडून देतो की. पण ०.६ मिमीच्या नळीवर आर्क वेल्डिंगची कांडी लावली तर भोक पडणार. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्याकडं फ्रेम देऊ नका. मुख्य नळीला चीर गेली तर फ्रेम घरी आणा आणि टिग किंवा ब्रेझिंगचं बारीक काम करणाऱ्यालाच द्या. आमच्या उद्यमबागेत असली कामं करणारी माणसं हायत.

गिअरचा हँगर (मागचा डिरेलर, म्हणजे चेन गिअरवर सरकवणारा भाग, टांगतो तो कान) आपटून वाकला तर स्टीलमध्ये तो हातानं सरळ होतो. मी स्वतः एकाचा सरळ करून दिलो. अॅल्युमिनियमचा एकदा वाकला की दुसऱ्यांदा सरळ करताना तुटायची भीती असते.

निपाणीकर

जुनी रोडची फ्रेम मिळाली तर मागचा चिमटा १२६ मिमीचा असतो ना? आत्ताचं १३५ चं हब (चाकाचा मधला भाग) बसेल काय?

उद्यमबाग

बसतं. स्टील हाय म्हणून बसतं. थंडच दोन्ही बाजू सारख्या वाकवून नऊ मिमी उघडायचं, म्हणजे एका बाजूला साडेचार. मग दोरा लावून मध्य तपासायचा आणि हँगर, ड्रॉपआउट (एक्सल बसतो त्या खाचा) परत समांतर करायचे. हे शेवटचं कुणी करत नाही आणि मग एक्सल वाकतात. अॅल्युमिनियम किंवा कार्बनला हे करायचं नाही.

जांबोटी_रोड

आता गिअर. इकडच्या रस्त्यांना सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे, आणि सगळ्यांत चुकीचा माल याच बाबतीत विकला जातो.

बेळगाव सातशे-साडेसातशे मीटरवर. गोव्याला जाताना चोर्ला उतरतो, त्यामुळं जाताना सगळेच खूश. परत येताना केरीपासून सगळा चढ अंगावर येतो, तोही उन्हात आणि सामान लादून. आंबोलीचंही तेच, सावंतवाडीकडून वर येताना. तुमचं माप परतीच्या चढाला लागलं पाहिजे.

दुकानातल्या बऱ्याच रोड सायकलींना पुढं ३४ दातांची लहान चकती आणि मागं सर्वांत मोठी चकती २८ दातांची. ७०० च्या चाकाला पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ९.४ किमी वेग पडतो. तुम्ही ७४, सायकल-सामान मिळून धरा सव्वीस, एकूण १०० किलो. ८ टक्के चढावर नुसतं गुरुत्वाकर्षणाशी झगडायला २०५ वॅट लागतात. तासभर २०५ वॅट देणं आपल्यासारख्या माणसाला झेपत नाही. मग फेऱ्या कमी होतात, माणूस उभा राहून मारतो, गुडघा धरतो.

पुढं २६ आणि मागं ३४ लावा. त्याच ६० फेऱ्यांना वेग ५.९ किमी, आणि लागतात साधारण १३० वॅट. सावकाश जाता, पण बसून, श्वास न तुटता, गप्पा मारत जाता.

म्हणून पुढं तीन चकत्या, ४८-३६-२६ किंवा एमटीबीच्या ४४-३२-२२, आणि मागं ११-३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच). ८ किंवा ९ स्पीडचीच. या चेन-कॅसेट स्वस्त पडतात, टिकतात आणि तालुक्याच्या गावीही मिळण्याची शक्यता जास्त. शिमानोच्या ९ स्पीडपर्यंत रोडचे शिफ्टर आणि एमटीबीचा मागचा डिरेलर एकमेकांशी जुळतात. १० स्पीडपासून एमटीबीचं केबल ओढायचं गणित बदललं, तिथं सरमिसळ करू नका. ड्रॉप हँडलला बार-एंड शिफ्टर (हँडलच्या टोकाला बसणारे गिअरचे दांडे) लावले तर उत्तम. जुन्या पद्धतीच्या काही बार-एंडना क्लिक बंद करायची सोय असते, ती असलेलेच बघा. डिरेलर जरा वाकला तरी घरी पोचता.

मलप्रभाकाठ

हे वॅटचं गणित डोळे उघडणारं आहे. माझ्या हायब्रिडला पुढं २८ आणि मागं ३२ आहे, तरी जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या चढात सामान नसताना दम लागतो. २६-३४ लिहून ठेवलं.

चिकोडी_रोड

४४-३२-२२ च घ्या. पूर्वेच्या सपाटीला ४४-११ भरपूर होतं.

स्पोकवाला

चाकांबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण पैसे वाचवायचे म्हटलं की लोक इथंच वाचवतात.

काळ्या सायकलीला पुढं ३२ आणि मागं ४० स्पोक असतात. त्यात शहाणपण आहे. भार मागं असतो. आजकालच्या सायकलींना मागं २८, कधी २४. त्यावर पॅनिअर (कॅरियरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्या) लादून चोर्ला उतरायचा म्हणजे वाटेत स्पोक तुटणार, आणि तुटला की बहुतेक चेनच्या बाजूचा, कॅसेटच्या आडचा. मागच्या चाकात कॅसेटला जागा द्यायची म्हणून उजवीकडचे स्पोक जास्त ताठ आणि डावीकडचे ढिले असतात. ढिला स्पोक प्रत्येक फेरीला सैल-घट्ट होत राहतो आणि कोपराशी थकून तुटतो. उजवीकडच्यांवर भार जास्त. दोन्हींचं औषध एकच: स्पोक जास्त घ्या आणि एकेका बाजूच्या स्पोकांचा ताण सारखा ठेवा.

दोन्ही चाकांना ३६ स्पोक, तीन-क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना छेदणारा), स्टेनलेस, मध्ये बारीक केलेले २.०-१.८-२.० चे. मधला भाग बारीक असला की ताण तिथं ताणला जातो आणि कोपर वाचतं. रिम दुहेरी भिंतीची, आत १९ मिमीच्या वर रुंद. हब कोन आणि छर्‍यांचं असेल तर मला आवडतं, पाना आणि ग्रीस असलं की गावात उघडता येतं.

चाक बांधून झालं की समांतर स्पोकांच्या जोड्या हातानं घट्ट दाबायच्या, पूर्ण चाकभर, दोन्ही बाजूंनी. करकर असा आवाज येतो, म्हणजे स्पोक आपापल्या जागी बसतायत. परत आउट (चाकाचा वाकडेपणा) काढायचा, परत दाबायचं, आवाज यायचा थांबेपर्यंत. मशीननं बांधलेल्या चाकाला हे सहसा कुणी करत नाही. तयार चाकं घेतलीत तरी रस्त्यावर न्यायच्या आधी एखाद्या जाणत्या माणसाकडून हे करून घ्या. दोन तास लागतात. नंतर वर्षानुवर्षं चाकाकडं बघावं लागत नाही.

आणि रिमला मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचं भोक असलेली घ्या. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब खानापूरच्या पुढं मिळत नाही असं धरून चाला. जाड भोकात काळ्या सायकलीच्या ट्यूबचा व्हॉल्व्हही जातो. ७०० बाय ३५ किंवा ३८ चा टायर असला तर २८ इंचीची ट्यूब त्यात घालून घर गाठता येतं. टायरचं मात्र तसं नाही. काळ्या सायकलीची रिम ६३५ मिमीची, ७०० ची ६२२ मिमीची, तो टायर बसणार नाही. एक घडीचा टायर सोबत ठेवा.

मलप्रभाकाठ

मग २६ का नको? २६ चे टायर तर कुठल्याही गावात मिळतात.

स्पोकवाला

मिळतात, पोरांच्या एमटीबीमुळं. घेतलंत तर मी अडवणार नाही. तुमच्या उंचीला दोन्ही जमतं. ७०० खडबडीत डांबरावर जरा सुखाचं जातं. जुनी बिनसस्पेन्शन स्टीलची एमटीबी फ्रेम चांगली मिळाली तर २६, नवीन फ्रेम घेत असाल तर ७००. फ्रेम ठरवेल. चाकासाठी फ्रेम शोधू नका, अंगाला बसणारी फ्रेम शोधा.

निपाणीकर

ब्रेकबद्दल कुणीच बोललं नाही. मी म्हणतो डिस्कच. केबलवाले, तेलाचे नव्हे. तवंदी घाट उतरताना पावसात साध्या ब्रेकनं पहिली दोन-तीन सेकंदं काही होतच नाही, पाणी पुसलं गेलं की मग धरतात.

जांबोटी_रोड

मी व्ही-ब्रेकवर (रिमला दोन्हीकडून दाबणारे ब्रेक) आहे आणि समाधानी आहे, पण पावसाळ्याबाबत तुमचं बरोबर आहे. जांबोटी-कणकुंबीची लाल माती रबराला चिकटते आणि कानसीसारखी रिम खाते. पावसाळ्यात फिरणार असाल तर डिस्क. पावसाळा सोडून फिरणार असाल तर व्ही-ब्रेक, पार्ट कुठंही मिळतात. एकच गोष्ट लक्षात ठेवा: ड्रॉप हँडलचे साधे लिव्हर केबल कमी ओढतात, व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते. त्यासाठीचे वेगळे लिव्हर येतात, नाहीतर कँटिलिव्हर (रिमलाच धरणारे, कमी ओढ लागणारे ब्रेक) लावा. लिव्हर आणि ब्रेक जुळले नाहीत तर ब्रेक दाबल्यासारखा वाटतो आणि सायकल थांबत नाही.

चंदगडी

तिलारीचा घाट उतरणार असाल तर डिस्कच लावा. तो चोर्ल्यासारखा नाही. उतार तीव्र आहे आणि वळणावळणाला ब्रेक धरून राहावं लागतं, रिम हाताला चटका देण्याएवढी तापते. थांबत थांबत उतरा. पुढचा आणि मागचा आलटून पालटून मारा.

मलप्रभाकाठ

मी पावसाळ्यातही खानापुरातच राहतो, तेव्हा डिस्क. केबलवाले.

उद्यमबाग

डिस्कची फ्रेम घेताना मागचा कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) मागच्या दोन नळ्यांच्या आत बसणारा बघा. बाहेर बसणारा असेल तर कॅरियरचा पाय अडतो, मग लोक मध्ये वायसरची चळत लावतात आणि तो बोल्ट वाकतो.

खानापूरच्या पावसात गंजाचं पण बघा. गंज बाहेरून दिसतो त्याच्यापेक्षा आतून जास्त धरतो. पाणी सीटपोस्टच्या फटीतून उतरतं आणि खाली बेअरिंगच्या घरात साठतं. तिथं खाली एक लहान भोक असलं पाहिजे, नसेल तर ४ मिमीचं पाडून घ्या. फ्रेम नवी असतानाच, पार्ट चढवायच्या आधी, आतून जवसाचं डबल बॉइल्ड तेल फिरवा. रंगाच्या दुकानात मिळतं. सगळी भोकं चिकटपट्टीनं बंद करायची, तेल ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जास्तीचं काढून दोन-तीन दिवस वाळवायची. आत पापुद्रा धरतो. सांडलेलं तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून टाका.

सीटपोस्टला ग्रीस दरवर्षी. अॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत बिनग्रीसचा राहिला तर दोन पावसाळ्यांत असा धरतो की कापूनच काढायला लागतो.

अनगोळ_नाका

मडगार्ड आणि टायर यांच्यात किती जागा असावी? माझं माहेर बैलहोंगलकडं. तिकडच्या काळ्या मातीत पाऊस पडला की सायकल ढकलताही येत नाही.

जांबोटी_रोड

ताई, बोटभर तरी हवी, सगळीकडून. ३८ च्या टायरला मडगार्ड ५० मिमीचं. काळी माती मडगार्डच्या खालच्या कडेला आधी साठते, म्हणून मागच्या मडगार्डची खालची बाजू चेनस्टेच्या (बेअरिंगपासून मागच्या चाकापर्यंतच्या दोन नळ्यांच्या) पुलापासून लांब ठेवता येईल अशी फ्रेम बघा. शेतरस्त्यानं जायचंच असेल तर मडगार्ड काढून जा. डांबरावर राहिलात तर चिंता नाही.

पूर्वेकडं जाणाऱ्यांना आणखी एक. जून ते ऑगस्ट वारा नैऋत्येचा. बेळगावातून सौंदत्तीला जाताना पाठीवर, परत येताना तोंडावर. तेव्हा ड्रॉप हँडल खालून धरता आलं तर फार आराम पडतो. आणि ते खालून धरता येतं ते हँडल उंच असेल तरच. हँडल बुटकं असलं की खालचा भाग नुसता शोभेला राहतो.

निपाणीकर

उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर-चिकोडी पट्ट्यात आरसा आणि मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं जाताना मागची ट्रॉली आत येते. डायनॅमो हब परवडत असेल तर घ्या. ६ व्होल्ट ३ वॅटमध्ये आजचे एलईडी दिवे लख्ख चालतात, चार्जिंगची कटकट नाही.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सीट समतल करून एक सेंमी मागं घेतली. काल बेळगावला जाऊन आलो, मुंग्या आल्या पण बऱ्याच उशिरा.

एका बांधणाऱ्याकडून क्रोमोली फ्रेमचं ड्रॉइंग आलंय. स्टॅक ५९, रीच ३८, सीटचा कोन ७२.५, चेनस्टे ४४.५, हेड ट्यूबचा कोन ७१.५. चाक ७००, मागं १३५, डिस्क, कॅलिपर आत. होकार देऊ काय? आणि सीट चामड्याची घ्यावी म्हणतोय, ब्रूक्सची.

स्पोकवाला

मापं उत्तम आहेत. होकार द्या. दोन गोष्टी त्यांना लिहून कळवा. फोर्कची वरची नळी कापू नका, लांबच ठेवा, हेड ट्यूबच्या वर सहा-सात सेंमी. रिंगा लावून हँडल सीटच्या बरोबरीला आणा, महिना-दोन महिने चालवा, अंग सांगेल तसं एकेक रिंग खाली करा आणि मगच कापा. कापलेली नळी परत वाढत नाही. दुसरं, बाटलीचे तीन जोड आणि पुढच्या चिमट्याला कॅरियरचे आटे आत्ताच मागून घ्या. रंग झाल्यावर ते करायला फ्रेम परत जाळावी लागते.

चामड्याची सीट चांगली, पण खानापूरच्या पावसात तिला खालूनही पाणी लागू देऊ नका. मडगार्ड नसेल तर ती भिजते आणि झोळीसारखी पडते. मडगार्ड आहे म्हणून हरकत नाही. वर्षातून एकदा खालून मेण लावा. समोरचा ताणाचा बोल्ट उगाच फिरवत बसू नका.

जांबोटी_रोड

चेनस्टे ४४.५ ला टाच पॅनिअरला लागायची नाही, पण बूट कितीचा आहे सर?

मलप्रभाकाठ

नऊ नंबर.

जांबोटी_रोड

मग पुरेल. पॅनिअरची पुढची खालची कड तिरकी कापलेली घ्या आणि कॅरियरवर हुक शक्य तितके मागं सरकवून बसवा. पहिल्यांदा सामान भरून अंगणातच पेडल उलटं फिरवून बघा, टाच कुठं जाते ते.

अनगोळ_नाका

सर, त्या बांधणाऱ्याला विचाराल काय, २६ च्या चाकाची, स्टॅक ५२ च्या आसपासची लहान फ्रेम करतात का? करत असतील तर मीही मापं पाठवते.

मलप्रभाकाठ

उद्याच विचारतो ताई. तुमचा रीच किती हवा ते स्पोकवाला काकांना विचारून इथंच टाका, म्हणजे दोन्ही ड्रॉइंग एकदम मागवतो.